कुर्ल्या वर आल्या ती गावपळण

कुर्ल्या सगळ्यात आधी सरसूकाकीला दिसल्या. सकाळी ती व्हाळावर तोंड धुवायला गेली आणि अर्धवट धुतलेलं तोंड घेऊनच ओरडत परत आली.

"गो, टोपल्यो घेवन येवा! कुर्ल्यो चालत इल्यो! देवीन घरपोच धाडल्यान!"

आम्ही बायका हातातली कामं टाकून धावलो. काकी एकाचे दहा करून सांगणारी, पण त्या दिवशी तिने कमीच सांगितलं होतं. व्हाळाच्या दोन्ही काठांवर खेकडेच खेकडे, कुर्ल्याच कुर्ल्या. पाण्यातून निघून दगडांवर, वाळूत, थेट आमच्या राहुट्यांपर्यंत आलेल्या. एरवी कुर्ली धरायची म्हणजे बिळात हात घालून बोटाची आशा सोडायची. ह्या मात्र मुकाट टोपलीत पडत होत्या. एकीनेही नांगी उगारली नाही.

बायका हसत होत्या. कोणी म्हणालं, रस्सा. कोणी म्हणालं, सुकं. मी एक कुर्ली उचलून पाहिली, तिच्या तोंडाला फेस होता. तो हाताला लागला आणि बुळबुळीत वाटलं, म्हणून मी ती खाली टाकली.

"काय गो शेवंते, घाबारलंस?" सरसूकाकी म्हणाली.

"काकी, कुर्ली पावसाच्या तोंडार वर येता. आता मार्गशीर्ष चललो हा."

"देवीक काय म्हैनो लागता?" काकीने टोपली कमरेवर घेतली. "तिच्या मनात इला, तिना धाडल्यान."

त्यावर बोलायची सोय नव्हती. गावपळण चालू होती आणि गावपळणीत जे जे होतं ते देवीच करते.

बाहेरच्या माणसाला गावपळण सांगावी लागते. आमचं गाव हुंबरणं, सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, पायथ्याशी. दर तीन वर्षांनी मार्गशीर्षात देवीचा कौल झाला की अख्खं गाव घराबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, अंथरुणातली म्हातारी, सगळी. वेशीच्या दगडापलीकडे माडाच्या झापांच्या राहुट्या ठोकायच्या आणि तीन दिवस तिथे राहायचं. तेवढे दिवस गाव देवीचं. चूल पेटायची नाही, कोंबडा आरवायचा नाही, माणसाचं पाऊल पडायचं नाही. चौथ्या दिवशी गुरव पुन्हा कौल लावतो. देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार मिळाला की वाजतगाजत परत.

खरं सांगायचं तर आम्हा बायकांना पळण फार आवडायची. सासुरवाशिणीला तेवढीच मोकळीक. फुगड्या, भजनं, गप्पा, आणि सासूच्या देखत मोठ्याने हसलं तरी चालायचं. त्या वर्षी तर पळण एक वर्ष आधीच आली. आबांनी कौल लावायला सांगितला, देवीने उजवा दिला, आणि आम्ही आनंदाने भांडीकुंडी बांधली. वर्ष आधी का, असं विचारायला लग्नघरात जेवण लवकर का वाढलं म्हणून विचारणारा माणूस लागतो. तसा आमच्यात कोणी नव्हता.

आबा म्हणजे गावचे पहिले मानकरी आणि माझे चुलत सासरे. माझा नवरा पोरका, आबांनीच त्याला वाढवला, आणि मला मागणी घालायलाही तेच आमच्या दारात आले होते. नवरा बोटीवर खलाशी. वर्षातले दहा महिने मी आणि माझी पाच वर्षांची बायो, दोघीच. पण आबा आहेत म्हटल्यावर मला कधी एकटं वाटलं नाही. घरात मीठ संपलं तरी त्यांना कसं कळायचं देव जाणे. त्यांच्या शब्दावर मी डोळे मिटून विहिरीत उडी मारली असती.

विहिरीवरून सांगते. आमच्या गावाला बाव एकच. सड्यावर पडलेलं पाणी जांभ्या दगडातून झिरपत खाली येतं आणि बावीत उतरतं. ऐन वैशाखात बाजूची गावं हंडे घेऊन वणवण फिरायची, आमची बाव काठोकाठ. ती भरून वाहायची आणि तोच ओघ व्हाळ होऊन वेशीबाहेर जायचा. म्हणजे राहुट्यांपाशी आम्ही जे पाणी पीत होतो ते बावीचंच. आणि कुर्ल्या ज्या पाण्यातून पळून आल्या होत्या तेही बावीचंच.

दुपारी राहुट्याराहुट्यांतून रश्शाचा वास सुटला. आबा जेवायला बसले. सुनेने, रजनीने, त्यांच्या पानात कुर्ली वाढली, तर त्यांनी पान सरकवलं.

"माका नको. सोमवार आसा."

"आबानू, आज मंगळवार," रजनी म्हणाली.

"तरी नको. आणि चिमग्याकय देव नको," आबा म्हणाले. चिमी त्यांची नात, तीन वर्षांची, त्यांच्या मांडीवरून न उतरणारी. "लहान पोराक बादता."

मी शेजारीच होते. बायोचं पान मीही काढून घेतलं. ती भोकाड पसरून रडली आणि सरसूकाकीने मला कैदाशीण म्हटलं.

संध्याकाळी काकीच्याच राहुटीपासून सुरुवात झाली. आधी ती ओकली, मग तिची सून, मग पलीकडची दोन घरं. दिवेलागणीपर्यंत ज्या ज्या घरी कुर्ल्या शिजल्या त्या त्या घरी माणसं पोट धरून आडवी. कोणी म्हणालं, कुर्ल्या कच्च्या राहिल्या. कोणी म्हणालं, दृष्ट लागली. आबांची एक गाय व्हाळावर पाणी पिऊन आली आणि गुडघे टेकून बसली ती उठेना. आबा तिच्यापाशी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. 

मी व्हाळाच्या पाण्यात हात बुडवून हुंगला. गोडूस वास. दवाखान्यात शिरताना येतो तसला.  आम्ही सगळे परवा घरी जाणार होतो, आणि जाऊन पहिलं काम काय करणार, तर बावीवर हंडे भरणार.

सकाळ झाली तशी मी बायोला रजनीपाशी सोडलं, आमच्या घागरीतलंच पाणी पाज म्हणून सांगितलं, आणि व्हाळाच्या काठाकाठाने वर निघाले. वेशीच्या दगडापाशी बाबल गुरव राखणीला बसला होता. पळणीत वेस राखायचा मान त्याचा.

"खय चललंस?"

"वर. पाणी खय बिघाडला ता बघूक."

"येडा का खुळा?" बाबल उठून उभा राहिला. "आजपर्यंत कोणी वेस ओलांडूक नाय. ओलांडल्यान तो वाचाक नाय."

"न ओलांडलेले थय पोट धरून पडले हत, बाबल. तेंचा काय?"

त्याने व्हाळाकडे बघितलं. काठावर रात्रीत मेलेले मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"गावान इचारल्यान तर मी खोटा बोलाचंय नाय," तो म्हणाला. "तुका बघलंय म्हणान सांगतलंय."

"सांग."

मी दगड ओलांडला. भीती वाटली का? वाटली तर. लहानपणापासून ऐकलेलं असं एका पावलात सुटत नाही. अंगावर काटा होता आणि ओठांवर देवीचं नाव.

आपलंच गाव रिकामं बघणं फार वाईट. रोजच्या वाटेवर माणूस नाही, कुत्रं नाही, खळ्यात टिपायला कोंबडी नाही. दारं ओढून घेतलेली, कड्यांना आंब्याच्या डहाळ्या बांधलेल्या. माझ्या घरावरून गेले तेव्हा मी मान खाली घातली. का कोण जाणे, आपल्याच घराला चोरून बघतोय असं वाटलं. बावीपाशी आले. पाणी काठोकाठ होतं, नेहमीसारखं नितळ. वरती फक्त तेलाच्या तवंगासारखी एक साय होती आणि तिच्यात आभाळाचे नाही ते रंग दिसत होते.

तेवढ्यात मला वरून आवाज आला. देवीच्या गावात, जिथे कोंबडा आरवायचा नाही, तिथे इंजिन घरघरत होतं.

सड्यावर आबांच्या मालकीची जुनी चिरेखाण आहे. चिरे काढून संपले आणि मोठा चौकोनी खड्डा उरला, पावसाळ्यात पोरं त्यात डुंबायची. मी घाटी चढून गेले आणि झुडपाआडून पाहिलं. खाणीच्या काठावर टँकर उभे होते. एकाचा जाडजूड पाइप खाली सोडलेला आणि त्यातून काळपट, फेसाळ पाणी खड्ड्यात पडत होतं. दुसरा आपली पाळी येण्याची वाट बघत होता. वाटेवरच्या चाकांच्या खुणा बघितल्या तर ही काही पहिली खेप नव्हती. खाणीचं पोट अर्धं भरलं होतं, आणि जांभा तर चाळणीसारखा. वर ओतलं ते खाली जाणारच.

टँकरवाल्यांबरोबर तोंडाला रुमाल बांधून एकजण उभा होता. चालीवरून ओळखला. आबांचा मुलगा, रजनीचा नवरा, दिगू. गावपळणीत तो कामासाठी तालुक्याला गेलाय असं आम्हाला सांगितलं होतं.

मी झुडपातून बाहेर आले. तो दचकलाच.

"वयनी! तुमी हय? पळण चालू आसा!"

"ता तुका कोणी सांगाक नाय वाटता," मी म्हटलं. "काय ओततंस रे ह्या?"

"काय नाय ता. साबणाचा पाणी. कारखान्यात डबे धुतत, तेचा."

"मगे तोंडाक रुमाल कित्याक?"

त्याने रुमाल खाली ओढला आणि लगेच खोकला आला म्हणून पुन्हा वर घेतला. पोरगा वाईट नव्हता हो. माझ्या लग्नात माझ्या पुढे पुढे नाचत आला होता.

"वयनी, कायम करतत माका थय," तो हळू आवाजात म्हणाला. "चार वर्सां झाली हंगामी. सायबान सांगितल्यान, जागा दी, कायम करतंय. हयसर कोण येता? कोणाक कळाचा नाय. तीन दिवसांचो प्रश्न."

"आबांका ठावक आसा?"

तो खाणीत बघत राहिला. टँकरवाल्याने पाइप हलवला आणि तो गोड वास माझ्या घशात उतरला. मी पदर तोंडावर धरून धावतच खाली आले. परतताना मी बाव बघितली नाही.

वेशीच्या दगडापाशी बाबल नव्हता. आबा होते. एकटे, काठी टेकून.

"बघलंस," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले.

"आबानू, ता बावीत उतारला. साय धरली हा."

"माका सांगितल्यानी साबणाचा पाणी म्हणान."

"आणि काल कुर्ली पानातसून सारलास ती?"

त्यांचा चेहरा पडला. मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. बोलताना मलाच रडू येत होतं.

"शेवंते, मी देवीक इचारलंय. पळण आदी घेव काय, म्हणान इचारलंय. तिना उजवो दिल्यान. नको आसता तर डावो देती."

"तुमी पळणीचा इचारलास. खाणीत काय ओतूचा ता इचारलास?"

आबा व्हाळाकडे पाठ करून उभे राहिले. मग म्हणाले, "थय जावन काय बोला नको. पोराचा आयुष्य आसा. पाऊस पडलो काय सगळा धुवान जाता."

मी बोलले. राहुट्यांच्या मध्ये उभी राहून, असेल नसेल तेवढ्या आवाजात बोलले. टँकर सांगितले, खाण सांगितली, बावीवरची साय सांगितली. दिगूचं नावही घेतलं. रजनी हातातली घागर धरून जागच्या जागी उभी राहिली.

आणि गावाने काय ऐकलं म्हणता? एवढंच ऐकलं, की शेवंती वेस ओलांडून गेली.

"देवीच्या गावात पाय घातलंस?" सरसूकाकी अंथरुणातून उठून बसली. कालपासून ओकून ओकून तिचे डोळे खोल गेले होते. "म्हणान आमच्यार ह्या इला!"

"काकी, मी आज गेलंय. तुमी काल ओकलास."

"देवीक आदीच कळता!"

 दगडावर डोकं आपटलं तर निदान कपाळाला टेंगूळ येतं. बाबल गुरवाला पुढे बोलावलं, त्याने खरं ते सांगितलं. मानकरी बसले आणि ठरवलं, की उद्या परत जाताना शेवंतीने गुरांच्याही मागून चालायचं आणि देवीला नारळ देऊन गाऱ्हाणं घालायचं. सगळे आबांकडे बघत होते. ते एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. ते म्हणाले, "पंचांचा काय ता बरोबर."

त्या वेळी मला जे वाटलं त्याला राग म्हणता येणार नाही. घरातलं माणूस गेल्यावर वाटतं तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कौल झाला. उजवा. ढोल वाजले, झाप सोडले, गाव चालू लागलं. मी बायोला कडेवर घेऊन गुरांच्या मागून, धूळ खात. बायो विचारत होती, आपण शेवटी का? मी म्हटलं, आपल्याला घाई नाही.

घरी जाण्याआधी बावीवर थांबायचं असतं. तीन दिवस बाव देवीची, म्हणून पहिलं पाणी मानकऱ्याने काढायचं, आपण प्यायचं आणि मग आपल्या हाताने घरच्या सगळ्यात लहान मुलाच्या ओंजळीत घालायचं. त्याने पाणी गिळलं की ढोल वाजतो आणि बाकीच्या बायका हंडे भरायला धावतात. सगळ्या जणी हंडे घेऊन रांगेत उभ्या होत्या. मी गुरं सोडून गर्दीतून वाट काढत पुढे आले. कोणी अडवलं नाही, पण पदर मात्र आवरून घेतले.

आबांनी कळशी सोडली, वर ओढली. पाणी कळशीत हललं तसे त्याच्यावर ते रंग हलले. पुढे उभ्या असलेल्यांना ते दिसले नसतील असं मला वाटत नाही. पण दिसणं आणि बघणं ह्यात फरक आहे.

आबांनी कळशीतलं पाणी पितळी पेल्यात ओतलं. माझ्याकडे पाहिलं. पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला. गळ्याचं हाड वरखाली होताना मला दिसत होतं. कोणीतरी "देवीचा चांगभला" म्हणालं. बायकांच्या रांगेत चुळबुळ झाली, हंड्यांना हंडे लागले. माझ्या बाजूची एकजण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ. काय झाला?"

मग रजनीने चिमीला पुढे आणलं. रजनीचे पाय उचलत नव्हते, पण मान तिच्या घरचा, नाही कसं म्हणणार? चिमीला मात्र भारी कौतुक. नवं परकर-पोलकं, आणि ओंजळ आधीच पुढे केलेली. आबांनी पेला पुन्हा भरला. वाकले. पेला ओंजळीवर धरला.

आणि तसेच राहिले.

ढोलवाल्याने टिपरू उचलून धरलं होतं. चिमीची ओंजळ दमून खाली यायला लागली. "आबा, घाला ना," ती म्हणाली.

"घाला, आबानू," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "देवीन उजवो दिल्यान मां?"

पेला जरासा कलला. पेल्याच्या काठावरून एक थेंब चिमीच्या बोटावर पडला. तिने ते बोट तोंडाकडे नेलं, तसा आबांनी तिच्या हातावर फटका मारला. आजवर त्या पोरीला कोणी बोट लावलं नव्हतं. ती एवढ्या मोठ्याने रडली की गुरं बुजली. आबांनी पेला भिरकावला, खाली बसून चिमीचा हात आपल्या धोतराने पुसायला लागले, पुसतच राहिले, आणि तोंडाने नुसतं "पियां नको, बाय माझे, पियां नको" म्हणत राहिले.

  रजनीने सासऱ्याच्या हातातून पोरीला ओढून घेतलं आणि मागे न बघता चालू लागली. मग सरसूकाकी, तिला धड उभंही राहवत नव्हतं, पुढे आली आणि आपला हंडा बावीच्या कठड्यावर पालथा घातला. तिच्यामागून दुसरीने घातला. मग एकेक करत सगळ्यांनीच घातले. त्या दुपारी बाप्ये सड्यावर गेले तेव्हा टँकर निघून गेले होते आणि खाण काठापर्यंत भरलेली होती.

नंतर पंचनामे झाले, बाटल्यांत पाणी भरून नेलं, कारखान्याला कुलूप लागलं आणि उघडलंही. खाणीतला काळा गाळ उपसून नेला, पण जांभ्याच्या पोटात गेलं ते कोण उपसणार? दिगू गाव सोडून गेला. आबा पुढच्या पावसाळ्यापर्यंत होते. कशाने गेले ते डॉक्टरने काहीतरी सांगितलं, मी ऐकलं नाही. आता गावाला नळाचं पाणी येतं, दिवसाआड. बाव अजून आहे, वैशाखातही काठोकाठ भरलेली, वर लोखंडी जाळी. त्या बावीचं पाणी प्यायलेलं शेवटचं माणूस म्हणजे आबा.